जुन्या मोटारीचे नवे ब्रेक

आमच्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दशकात ड्यूसनबर्ग ही वेगवान अमेरिकन मोटार घेतली होती. तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे, परंतु ड्रमचे, म्हणजे ढोलाकार होते. असा ब्रेक वारंवार दाबल्यास ढोल तापून फुगतो व पकड सैल पडते. तबकडीचा ब्रेक उघड्या हवेत लवकर निवतो. १९५३ साली ल माँच्या शर्यतीत असे ब्रेक लावलेल्या जग्वारने बाजी मारली.

मात्र जुन्या गाडीस ते बसविताना स्प्रिंगा व शॉक-अॅब्सॉर्बरही तोलाचे हवेत. नाहीतर एकाएकी थांबताना पुढचा भाग झुकतो आणि मागील चाके हलकी होऊन घसरतात. मूळ सांगाड्यास नवे छिद्र न पाडता, काढलेले भाग जपून ठेवावेत. जीव वाचावा आणि वारसाही टिकावा, यातच आम्हांस कारागिराचे खरे कौशल्य दिसते.