निवळशंख भेदरं

नवतपा लागला की यवतमाळात दुपारच्या वेळी गॅसपाशी उभं राहणं नको होतं. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि ताटातलं वाफाळतं वरणही अंगावर येतं. ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, ताक घरोघरी होतंच. त्यांच्या शेजारी मानानं बसावं असं आणखी एक पेय आहे: टोमॅटोचं गार, पारदर्शक सूप. ते लाल नसतं. फिकट सोनेरी असतं, पेल्याच्या पलीकडची बोटं दिसावीत इतकं निवळ. डोळे मिटून प्यालं तर मात्र ते नुकत्याच चिरलेल्या भेदराशिवाय दुसरं काही वाटत नाही.

कोणती भेदरं घ्यावीत

बाजारात लांबट, जाड सालीची, घट्ट गराची टोमॅटो जास्त दिसतात. दूरच्या प्रवासात ती फुटत नाहीत, सॉसलाही चांगली. या सुपाला मात्र ती कामाची नाहीत. इथं हवं रसाळ, आंबट, बियांनी भरलेलं गावरान भेदरं. टोमॅटोची खरी चव बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात दडलेली असते. जिभेवर रेंगाळणारी जी खमंग गोडी, ती ग्लुटामेट या घटकाची. भोवतीच्या गरापेक्षा बियांच्या रसात तो कितीतरी जास्त असतो, हे इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली मोजून दाखवलं. म्हणून बिया काढून टाकण्याची सवय इथं सोडायची.

मे महिन्यातली भेदरं देठाजवळ पिवळट, नारिंगीच राहतात, अशी तक्रार असते. साधारण तिशीच्या पुढं तापमान गेलं की फळात लाल रंग धरत नाही, त्यामुळं तसं होतं. या सुपात रंग उतरणारच नसल्यानं ती बिनधास्त घ्या. फक्त बोटानं दाबून, वास घेऊन पिकल्याची खात्री करा. कच्ची फ्रिजमध्ये ठेवू नका. गारव्यात त्यांचा वास मरतो.

वाटण

दोन किलो भेदरं धुऊन, चिरून घ्या. दोन सपाट चहाचे चमचे मीठ लावून अर्धा तास ठेवा, म्हणजे पाणी सुटायला लागेल. त्यातच आल्याची चकती, मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची आणि सांबाराचे ठेचलेले देठ टाका. पानं नकोत, हिरवट झाक येते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवत नाहीत, हे आपल्याकडं सांगायला नको.

मिक्सर थांबत थांबत फिरवा. भरड वाटलं गेलं पाहिजे. गुळगुळीत वाटलं की गराचे बारीक कण होतात, कापडातून खाली येतात आणि पाणी गढूळ होतं.

बांधायचं, पिळायचं नाही

श्रीखंडाचा चक्का बांधता येतो त्याला हे सूप येतं. जिल्हा कापसाचा, तेव्हा घट्ट विणीचा सुती पंचा घरात सापडेलच. आधी तो नुसत्या पाण्यात उकळून घ्या, नाहीतर साबणाचा वास सुपाला लागतो. दुहेरी करून चाळणीवर पसरा, खाली पातेलं ठेवा, वाटण ओता, वर झाकण ठेवा आणि सगळं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर राहू द्या. चक्का आपण खुंटीला टांगतो, पण चाळीस अंशांच्या घरात टोमॅटोचं वाटण बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबेल.

सकाळी पाऊण लिटरच्या आसपास पाणी खाली जमलेलं असतं. कापडात अजून ओल दिसते आणि हात पिळायला शिवशिवतात. तेवढा मोह आवरा. वाटणाचा थरच स्वतः गाळणीचं काम करत असतो; दाब दिला की तो फुटतो, गर आणि पेक्टिन खाली उतरतं, आणि रात्रभराची मेहनत एका मुठीत जाते.

तरीही धूसर वाटलं तर

पाणी दोन तास हलवू नका. गाळ बसला की वरचं अलगद ओतून घ्या. गढूळ पाणी निवळीचं बी उगाळून स्वच्छ करणाऱ्या घरांना निथळण्याचं हे तंत्र नवं नाही.

आरशासारखं स्वच्छ हवं असेल तर चायना ग्रास वापरा. लिटरला २ ग्रॅम पुरतं. पाव भाग पाण्यात ते दोन-तीन मिनिटं उकळून पूर्ण विरघळवा आणि उरलेलं, फ्रिजमधलं नव्हे तर खोलीइतकं कोमट झालेलं पाणी हळूहळू त्यात मिसळा. गार करून सैलसर जेली झाली की चमच्यानं हलकेच मोडा आणि पुन्हा कापडात बांधा. कण जेलीच्या जाळ्यात अडकून राहतात, निवळ पाणी ठिबकतं. युरोपातल्या स्वयंपाकघरांत हेच काम अंड्याच्या पांढऱ्यानं करतात. पण त्याला उकळी लागते आणि कच्च्या भेदराचा ताजा वास उडून जातो.

फोडणी का नाही

साराला तूप-जिऱ्याची फोडणी हवीच. गार सुपात मात्र तूप गोठतं, तेलाचे थेंब तरंगतात. चव पाहायची ती पूर्ण गार झाल्यावर, कारण थंडाव्यात मीठ-गोडी दबते. गरज वाटली तर चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब. वाढताना काकडीचे बारीक तुकडे किंवा पुदिन्याचं एखादं पान. बर्फ घालू नका, चव पातळ होते. हे भुकेला आणि तहानेला चांगलं आहे, पण ऊन लागून कोणी आडवं झालं असेल तर दवाखानाच गाठा.

कापडातला चोथा

लाल रंग देणारं लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, ते सगळं चोथ्यात राहतं. तेलात मात्र उतरतं. म्हणून संध्याकाळी, ऊन कललं की लोखंडी कढईत तेल, लसूण, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून त्याची चटणी परता. ज्वारीच्या भाकरीसोबत ती सुपाइतकीच वसूल होते. मीठ बेतानं, आधीच पडलेलं आहे.

किती टिकतं

झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस. त्यापुढं नको, विशेषतः वीज जात-येत असेल तर. थंडीत भेदरं स्वस्त आणि लालभडक असतात, तेव्हाच हे पाणी काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलं तर मे महिन्यात पेल्यात दोन खडे टाकता येतात. हा बर्फ विरघळला तरी चव पातळ होत नाही.