रेडिओने गाणे मागावे

नाशिकमध्ये आज गाणे तयार करायला फार मोठा स्टुडिओ लागत नाही. लॅपटॉप, साउंड कार्ड, एक बरा माइक आणि भिंतींना गाद्या लावून आवाज दाबलेली खोली असली की काम भागते. सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या मुलाने रात्री मिक्स केलेले गाणे सकाळी यूट्यूबवर असते. तरीही आपले गाणे रेडिओवर लागावे ही त्याची इच्छा सुटत नाही, आणि ती भाबडीही नाही. यूट्यूबवर ज्याला हवे तो गाणे शोधून ऐकतो. रेडिओवर मात्र ते न शोधणाऱ्याच्या कानावर पडते: द्वारका चौकात अडकलेल्या रिक्षावाल्याच्या, सातपूरला पाळीवर निघालेल्या कामगाराच्या, स्वयंपाकघरातल्या गृहिणीच्या. अनोळखी कलावंताला असा अनोळखी श्रोता दुसरीकडे सहजी मिळत नाही.

शहरात यासाठी तीन प्रकारची दारे आहेत: १०१.४ वरचे आकाशवाणी केंद्र, ९८.३ वरच्या मिर्चीसारख्या खाजगी वाहिन्या आणि ९०.८ वरचा ‘रेडिओ विश्वास’ हा सामुदायिक रेडिओ. तिन्ही दारांवरची तपासणी निराळी.

आकाशवाणी गळा तपासते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत स्वरचाचणीची पद्धत पक्की झाली. मातब्बर कलावंतांना परीक्षेला बसवल्याबद्दल तेव्हा मोठी ओरडही झाली. पण पद्धत टिकली. परीक्षकांपुढे गायकाचे नाव जात नाही, आवाज जातो. मग ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी. वशिला नसलेल्या गायकाला ही पद्धत न्याय देऊ शकते. अडचण वेगळीच आहे. आजचा मुलगा गीत लिहितो, चाल लावतो, ताल रचतो आणि स्वतःच गातो. आकाशवाणीच्या व्यवस्थेत मात्र गायकाची मान्यता निराळी, संगीतकाराची निराळी, गीतकाराची निराळी. रॅपरला तर कोणत्या रकान्यात बसवायचे, हाच प्रश्न.

खाजगी एफएम ओळख तपासते. तिथे कोणते गाणे दिवसातून किती वेळा वाजणार, हे निवेदक ठरवत नाही. ते प्रोग्रॅमिंग विभाग ठरवतो आणि संगणकावरची यादी ते पाळते. त्यामुळे आरजेला सीडी किंवा लिंक नेऊन देणाऱ्याची पहिली निराशा तिथेच होते. वाहिनीचे उत्पन्न जाहिरातींवर, आणि श्रोत्याने बटण फिरवू नये ही तिची मुख्य चिंता. ओळखीच्या गाण्यावर श्रोता थांबतो, अनोळखी गाण्यावर सटकतो, हा त्यांचा हिशेब. त्यात ‘रॅम’ नावाची साप्ताहिक श्रोतृमोजणी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बेंगळुरू या चार महानगरांपुरतीच राहिली. नाशिकच्या श्रोत्याला नाशिकचे काय आवडेल, हे मोजायची पद्धतशीर सोयच झाली नाही.

सामुदायिक रेडिओ पत्ता तपासतो, म्हणजे माणूस इथला आहे का ते. केंद्र सरकारने २००६ मध्ये धोरण बदलून स्वयंसेवी संस्थांनाही असे केंद्र चालवण्याची मुभा दिली आणि निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक असावा अशी अट घातली. ‘रेडिओ विश्वास’ने करोनाकाळात ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम चालवून जिल्हा परिषद व महापालिका शाळांतल्या मुलांपर्यंत धडे पोहोचवले आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. जे शिक्षकांचे आवाज गोळा करू शकते, त्या केंद्राला गायकांचे आवाज जड नाहीत. मर्यादा आहे ती टप्प्याची. शंभर वॉटचे प्रक्षेपण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते. नाशिक रोडपर्यंत ठीक, पण सटाणा-कळवणला ते पोहोचत नाही.

आणि सटाणा, कळवण, मालेगाव या पट्ट्यातच या जिल्ह्याच्या स्वतंत्र संगीताचा मोठा बाजार आहे. अहिराणी गाण्यांनी रेडिओची वाट पाहिलीच नाही. ‘हाई झुमकावाली पोर’ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि खानदेशाबाहेरच्या वरातींतही वाजू लागले. जळगावकडच्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्सवरून देशभर पसरले. रेडिओला वळसा घालण्याची ही परंपरा इथे जुनी आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गीते रचली. ती गायन पार्ट्यांतून आणि आंबेडकर जयंतीच्या मंचांवरून वस्त्यावस्त्यांत पाठ झाली.

मग रेडिओ हवा कशाला? श्रोता हे एक कारण झाले, दुसरे हक्काचे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफएम वाहिन्यांनी तो द्यायला हवा असा निर्णय दिला. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासूनची आहे. पण पैसे यायचे तर सभासदत्व हवे, गाण्याची नोंद हवी आणि वाजलेल्या गाण्यांच्या यादीत नाव अचूक हवे. इथे घरगुती कलावंत कच्चा पडतो. इंटरनेटवरून बीट भाड्याने घेतलेला असतो, त्याचे प्रसारणहक्क मूळ मालकाकडेच राहिलेले असतात. मित्राने लिहिलेल्या ओळींचा कागद नसतो. गाणे चांगले असूनही अशा वेळी वाहिनी हात लावत नाही, आणि तिचे चुकते असेही म्हणता येत नाही.

कलावंताने कागदपत्रे नीट ठेवावीत, हे झालेच. पण मूळ दुखणे रेडिओच्या बाजूला आहे. आज तिन्ही दारे आलेले गाणे गाळतात. गाणे मागत कोणीच नाही. एके काळी रेडिओ मागत असे. पुणे आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांनी पाठपुरावा केला म्हणून ‘गीतरामायण’ झाले. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, सुरू झालेली ही मालिका वर्षभर चालली आणि कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजी यांनी छप्पन्न गीते दिली. दर आठवड्याला नवे गीत, आणि त्याच आठवड्यात ते पुन्हा ऐकवले जाई. ठरलेल्या वारी ठरलेली वेळ समोर आहे म्हटल्यावर कवी लिहितो, संगीतकार चाल बांधतो. श्रोत्यालाही नवे गाणे दोन-तीनदा कानावर पडले की परके वाटेनासे होते. एफएमवाले ज्या ओळखीची वाट पाहत बसतात, ती अशी घडवता येते.

तेव्हा नाशिकच्या एखाद्या केंद्राने एवढेच करावे: आठवड्याला एक गाणे मागावे. शब्द, चाल आणि गळा जिल्ह्यातला असावा. मराठी, अहिराणी, कोकणा, काहीही चालेल. ते आठवड्यात तीनदा वाजवावे, नावे घोषित करावीत, नोंद करावी, थोडे का होईना मानधन द्यावे. वर्षाला बावन्न गाणी होतील. त्यांतली निम्मी सामान्य निघतील, कदाचित निम्म्याहून जास्त, कारण प्रत्येक आठवड्याला गदिमा मिळत नसतात. पण आज यादीतून वाजणारी सगळी गाणी तरी कुठे असामान्य आहेत? सामान्य गाणे वाजवायचेच असेल, तर ते नाशिकचे वाजवायला काय हरकत आहे?