बेटाची सहल : मान्सूनच्या आत जा, वळवाला घरी या



दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर एक बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. पूर्वी ती रेडिओवर ऐकायची, आता मोबाईलवर येते. ती कानावर पडली की आपण नक्षत्रे मोजायला लागतो. अंदमान नकाशावर कुठे आहे हे ज्याला नीट सांगता येणार नाही, त्यालाही त्या बातमीने बांधणी, खत आणि तागाचे बी आठवते.

त्याच अंदमानाबद्दल हल्ली आमच्या गट ऑफिसात वेगळीच विचारपूस होऊ लागली आहे. मुलगा चाकणला नाहीतर भोसरीला कंपनीत आहे, मेमध्ये त्याला आठ दिवस रजा मिळते, नातवंडांच्या शाळेला सुट्टी असते. तो म्हणतो, आई-दादांना एकदा समुद्र दाखवून आणू, बेटावर नेऊ. मग सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, निघायचे कधी, आणि उसाचे काय करायचे?"

प्रश्न रास्त आहे. देहू-आळंदीच्या पालख्यांबरोबर पंढरपूर आणि लग्नकार्ये सोडली, तर आपल्या भागातल्या पुष्कळ आयाबहिणींचा प्रवास आठवडे बाजारापलीकडे गेलेला नाही. तीस-तीस वर्षे पहाटे उठून धारा काढल्या, खुरपणी केली, मुले शिकवली. त्यांनी चार दिवस समुद्राचे वारे खाल्ले तर ती चैन म्हणता येणार नाही. तेव्हा जावे असेच आमचे म्हणणे आहे. फक्त वारीची तारीख जशी पंचांग पाहून ठरते, तशी ही तारीखसुद्धा तीन पंचांगे मांडून ठरवावी लागते. एक समुद्राचे, दुसरे उसाचे आणि तिसरे मुलाच्या कंपनीचे.

समुद्राचे पंचांग

नैऋत्य मान्सून आपल्याकडे येण्याआधी अंदमानात पोहोचतो. तिथे तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, केरळात १ जूनच्या आसपास आणि पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. ही झाली सरासरी. २०२५ साली काय झाले ते आठवा. १३ मे रोजी मान्सून निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्रात शिरला, २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यात हजर! ज्यांची बांधणी राहिली होती त्यांच्या रानात पुढे कित्येक दिवस वाफसाच आला नाही.

म्हणजे आपण ज्याला 'पावसाळ्याच्या तोंडावर' म्हणतो, त्या मेच्या शेवटच्या पंधरवड्यात अंदमानात पावसाळा लागलेला असतो. त्याशिवाय एप्रिल-मे हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे ते बोटीने, आणि समुद्र खवळला की बोटी बंद. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त प्रवासी अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. तो तर पर्यटनाचा भर हंगाम होता!

काही प्रवासी कंपन्या मेअखेरची सहल स्वस्तात देतात. स्वस्त का, हे आता सांगायला नको. पैसे भरण्याआधी एकच विचारून लेखी घ्यावे : हवामानामुळे बोट रद्द झाली तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा, आणि विमान चुकले तर काय?

कोकणच्या बाजूलाही हीच तऱ्हा. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूक दरवर्षी साधारण २५-२६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असते. मुरूडच्या जंजिऱ्याचेही पावसाळ्यात तेच. त्यातही हवा बिघडली तर बंदी आधी येते. २०२५ मध्ये २४ मे रोजी कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी-दापोली दरम्यान किनारा ओलांडून गेला. त्या आठवड्याची सहल ठरवलेल्यांनी किनाऱ्यावरूनच किल्ला पाहिला असेल.

उसाचे पंचांग

गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. तोड गेली, वजनकाटा थांबला, की वाटते मोकळे झालो. तसे नाही, हे आपण जाणताच. मेमध्ये तीन कामे उभी असतात.

पहिले काम सुरू उसाचे. जानेवारीच्या मध्यावर लावलेल्या उसाला बारा ते सोळा आठवड्यांच्या खताचा हप्ता मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पडायला हवा. हा हप्ता लहान, एकूण नत्राच्या दहा टक्के. मोठा हप्ता, म्हणजे चाळीस टक्के नत्र आणि उरलेले निम्मे स्फुरद-पालाश, हा मोठ्या बांधणीला द्यायचा. ही बांधणी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीस येते. ती मोठ्या पावसाआधी उरकली तर सरीचा वरंबा होतो, पाणी निघून जाते, ऊस लोळत नाही. पाऊस लागल्यावर काळ्या रानात ना बैल चालतो ना पॉवर टिलर.

दुसरे काम आडसालीच्या तयारीचे. जुलै-ऑगस्टमध्ये लागण करायची असेल तर ताग किंवा धैंचा मेअखेरपर्यंत पेरलेला बरा, म्हणजे दीड महिन्याने फुलोऱ्यावर असताना तो गाडता येतो.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, हुमणीचे. वळवाचा चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. तिथे नर-मादीचे मीलन होते आणि मादी परत जमिनीत जाऊन अंडी घालते. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. त्यातली अळी ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची मुळे खाते, बेट पिवळे पडते आणि हाताने ओढले तरी उपटून येते. तोवर औषधाचा फारसा उपयोग उरलेला नसतो. उपाय एकच, तो म्हणजे त्या पहिल्या काही रात्री. साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे, गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. प्रकाश सापळेही लावता येतात.

हे काम एकट्याने होत नाही. तुम्ही तुमच्या बांधावरचे भुंगेरे वेचले आणि शेजारी बेटावर गेला, तर त्याच्या कडुनिंबावरची मादी अंडी घालायला तुमच्याच उसात येणार. भुंगेऱ्याला गट नंबर वाचता येत नाही! म्हणून त्या दिवसांत अख्खे शिवार घरी पाहिजे. वळीव कधीकधी एप्रिलातही पडतो हे खरे, पण जमीन खोल भिजवणारा, भुंगेरा काढणारा पाऊस बहुधा मेच्या उत्तरार्धात किंवा जूनमध्ये होतो. त्याच्या आत परत यावे.

मग जायचे कधी?

समुद्र आणि ऊस दोन्ही धरून आमचा हिशेब असा. अंदमानला जायचे तर २० एप्रिलनंतर निघून १० मेपर्यंत घरी. कोकणात जायचे तर १५ मेच्या आत. याला कंपनीचे पंचांग जुळवायचे ते मुलाने. मेअखेरची रजा मागण्याऐवजी शाळेच्या परीक्षा संपताच मागावी. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच द्यावा. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी घेणारे कारखाने पुष्कळ आहेत. दोन गुरुवार धरून सहा दिवस रजा काढली की आठ दिवस होतात.

अंदमानला गेलात तर

पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. हॅवलॉकला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप ही नावे २०१८ च्या डिसेंबरात मिळाली. तिकिटांवर जुने-नवे दोन्ही दिसते, गोंधळू नये. विमान बहुधा चेन्नई, बंगळूर किंवा कोलकात्यावरून बदलावे लागते. चेन्नईहून जहाजही जाते, पण ते तीनेक दिवस घेते, शिवाय फेऱ्या मोजक्या. आठ दिवसांच्या रजेत ते बसत नाही.

तिथे सेल्युलर जेल पाहणे हे आपल्या मराठी माणसाचे पहिले काम. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले. मुळात सात इमारती, तीन मजले आणि सुमारे सातशे कोठड्या. प्रत्येक कोठडीत एकच कैदी. आज त्यातल्या तीनच इमारती उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी हे राष्ट्रीय स्मारक देशाला अर्पण केले. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे आले आणि १९२१ मध्ये त्यांना परत आणले. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. कैद्यांना बैलाच्या जागी जुंपून कोलू फिरवायला लावीत, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचे. चरकाला बैल जुंपून गुऱ्हाळ चालवलेल्या आपल्या जुन्या माणसांना ते ओझे समजावून सांगावे लागणार नाही. नातवंडांना तिथे नक्की न्यावे.

आखणी करताना एक नियम पक्का ठेवा. परतीच्या विमानाआधीचा दिवस आणि रात्र श्री विजयपुरममध्येच काढायची, दुसऱ्या बेटावर नव्हे. बोट एक दिवस रद्द झाली तरी विमान हुकत नाही. तिथे सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, तेव्हा सकाळ वाया घालवू नये. आपल्या माणसांना लवकर उठायची सवय आहेच! आधार कार्ड मूळ न्यावे. म्हाताऱ्या माणसांसाठी बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. किनाऱ्यावरचे पोवळे उचलून आणू नये, तो गुन्हा आहे.

कमी खर्चात बेट पाहायचे तर

अंदमानचा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, आणि उसाच्या बिलाचा हप्ता विमानात उडवून सोसायटीचे कर्ज थकवावे असे आम्ही कधीच सांगणार नाही. बेट आपल्या महाराष्ट्रातही आहे. मालवणजवळच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधणीला हात घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! साखर कारखान्याच्या सभासदाने साखरबावीचे दर्शन घ्यायलाच हवे.

समुद्राच्या मधोमध गोडे पाणी कसे, याचा उलगडा आपल्याही उपयोगाचा आहे. पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते जमिनीत खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. बेताने उपसले तर गोडे मिळते, जादा उपसले तर खाली दबलेले खारे वर येते.

मालवणला एसटीने जाता येते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. ज्यांना दोनच दिवस आहेत त्यांनी ताम्हिणी घाट उतरून मुरूड गाठावे, राजपुरीहून होडीने जंजिरा पाहावा.

निघण्याआधी

पाण्याची पाळी देऊन, आवर्तनाची तारीख पाहून निघावे. खोडव्यात पाचट सरीत दाबलेले असेल तर ओल टिकते आणि पाळी चार दिवस लांबली तरी ऊस तग धरतो. ठिबक असेल तर फिल्टर धुणे आणि व्हॉल्व्ह बदलणे कोणाला तरी हाताने करून दाखवावे, नुसते तोंडी सांगू नये. खताची पोती आधीच घरात आणून ठेवावीत, म्हणजे परत आल्यावर दुकानाच्या रांगेत दिवस जात नाही.

आणि सर्वांत चांगला मार्ग सावडीचा. खुरपणीला, भातलावणीला आपण सावड करतोच की! तशीच सहलीची करावी. गावातल्या दहा घरांनी दोन तुकड्या कराव्यात. पहिली जाईल तेव्हा दुसरीने पाणी धरावे, जनावरांच्या धारा काढाव्यात. पहिली परतली की दुसरीने निघावे. मेच्या मध्याला दोन्ही तुकड्या गावात, आणि पहिल्या मोठ्या वळवाच्या रात्री वीसच्या वीस माणसे कडुनिंबाखाली.

सावडीच्या तुकड्या कशा कराव्यात, पाळ्या कशा बसवाव्यात, याबद्दल आपल्या गटाच्या चिटबॉयला किंवा गट ऑफिसात फेब्रुवारीतच विचारावे. लागणीच्या तारखा आमच्या नोंदीत असतातच. त्यावरून खताचा आणि बांधणीचा दिवस काढून देऊ, त्यात सहलीचे आठ दिवस कुठे बसतात तेही सांगू.