पुस्तक छापायला एजंट लागतो का? पंधरा हजार देण्याआधी हे वाचा

सुरत (वार्ताहर) : उधना, लिंबायत, दिंडोलीत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्यातल्याच एका निवृत्त गृहस्थांनी लूम कारखान्यातल्या आठवणी लिहून काढल्या आहेत. परवा ते म्हणाले, "भाऊ, एजंटाशिवाय पुस्तक छापत नाहीत म्हणे. फोनवर एक जण पंधरा हजार मागतोय. देऊन टाकू का?"

उत्तर सरळ आहे : देऊ नका.

साहित्यिक एजंट लेखकाच्या वतीनं प्रकाशक शोधतो, कराराची बोलणी करतो. त्याचं कमिशन साधारण १५ टक्के, तेही लेखकाला पैसे मिळाल्यावर. आधी फी मागतो तो एजंट नव्हे.

मराठीत ही पद्धत रुजली नाही, कारण हिशेब बसत नाही. समजा पुस्तक ३०० रुपयांचं, रॉयल्टी १० टक्के आणि हजार प्रती खपल्या. लेखकाला मिळाले ३० हजार, एजंटाला साडेचार हजार. एवढ्यात कोणाचं दुकान चालणार? म्हणून मराठी लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. इंग्रजीत मात्र जयपूरच्या 'सियाही'सारख्या एजन्सी आहेत. अमेरिका-ब्रिटनचे मोठे प्रकाशक तर बहुतेक वेळा एजंटामार्फतच हस्तलिखित घेतात. तिकडे जायचं असेल तर एजंट शोधा.

मराठीसाठी काय करायचं? आपल्यासारखी पुस्तकं कोण काढतं ते आधी ग्रंथालयात बघा. मग विषयाची दोन पानी ओळख, अनुक्रमणिका आणि दोन चांगली प्रकरणं पाठवा. या विषयावर तुम्हीच का लिहावं, हेही सांगा. माहितीपर पुस्तकात लेखकाचा अनुभव हेच भांडवल असतं.

होकार आला की करार नीट वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 'सर्व हक्क कायमचे' असं दिसलं तर सही करू नका, आधी विचारा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्याबरोबर तुमचाच. आयएसबीएन क्रमांकही सरकारी एजन्सीकडून मोफत मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्यापासून जपा.

स्वखर्चानं छापण्यात कमीपणा नाही. फक्त छपाईचा दर, प्रतींची संख्या लेखी घ्या आणि हक्क स्वतःकडे ठेवा.

सुरतेच्या कवी नर्मदांनी 'मारी हकीकत' हे आत्मचरित्र १८६६ मध्ये लिहिलं, मोजक्याच प्रती छापल्या. सर्वांच्या हाती ते पडलं १९३३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर ४७ वर्षांनी. तेव्हा उशीर झाला म्हणून घाबरू नका, आणि घाईत पैसेही भरू नका.

आमचे गृहस्थ आता दोन प्रकरणं टाइप करून घेत आहेत.