सव्वादोन तोळ्यांचा तीर

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या एकत्र येतात. गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाला राहणाऱ्या माडिया माणसाचा पारंपरिक तीरकमठा हातात घेतला, की नवख्याची नजर आधी दोरीवर जाते. ती सुताची नसते आणि चामड्याचीही नसते. कमठा बांबूचा आणि दोरीही बांबूचीच: हिरव्या बांबूची पाठ सोलून काढलेली लांब, चपटी कामटी दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली. तीराची काडी हलकी, पुढे लोहाराने ठोकलेले लोखंडी पाते, मागे पिसे. पाखरांसाठीच्या तीराला पात्याऐवजी बोथट लाकडी बोंड. म्हणजे एकाच कमठ्यासाठी वेगवेगळ्या वजनांचे तीर बनवण्याची रीत इथे पहिल्यापासून आहे.

तीर किती जड असावा, हा प्रश्न जगभरच्या तिरंदाजांनी पिढ्यान्‌पिढ्या घोळवला आहे. हलका तीर वेगाने सुटतो. जड तीर हळू जातो, पण खोल रुततो. एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. खरी गंमत पुढे आहे, कारण तीराचे वजन निम्मे केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. त्याच्या जवळपासही जात नाही.

हिशेबासाठी एक साधा बांबूचा कमठा घेऊ. पूर्ण खेचल्यावर बोटांवर सुमारे १८ किलोचा ताण येतो आणि दोरी सोडताच ४० ज्यूल ऊर्जा मोकळी होते, असे धरू. ही सगळी ऊर्जा तीराला मिळत नाही. कमठ्याच्या दोन्ही भुजांना आणि दोरीलाही तीराबरोबर धावावे लागते आणि त्यांच्या धावण्यात काही वाटा खर्च होतो. पॉल क्लॉप्स्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली धनुष्यबाणाच्या भौतिकीवर लिहिताना या खर्चाचा हिशेब सोपा करून दाखवला. प्रत्येक धनुष्याला स्वतःचे एक आभासी वस्तुमान असते. तीराच्या वजनात ते मिळवायचे आणि मग वेग काढायचा. तीर बदलला तरी हे आभासी वस्तुमान जवळपास तेच राहते. हातात लिंबू घेऊन फेकले आणि मग तेवढ्याच जोराने कागदाचा बोळा फेकला, तर हात काही कितीतरी पट वेगाने फिरत नाही, कारण हातालाही वजन आहे. कमठ्याचे तसेच.

आपल्या कमठ्याचे आभासी वस्तुमान ८ ग्रॅम धरले, तर २६ ग्रॅमचा तीर सेकंदाला साधारण ४८ मीटर वेगाने सुटतो. २६ ग्रॅम म्हणजे सोनाराच्या भाषेत सव्वादोन तोळे. आता तीर निम्मा, १३ ग्रॅमचा केला, तर वेग होतो ६२ मीटर. दुप्पट, म्हणजे ५२ ग्रॅमचा केला, तर ३६ मीटर. ऊर्जेकडे पाहिले तर चित्र उलटे दिसते. १३ ग्रॅमचा तीर ४० पैकी जेमतेम २५ ज्यूल घेऊन निघतो, २६ ग्रॅमचा ३० आणि ५२ ग्रॅमचा जवळजवळ ३५. हलक्या तीराने जी ऊर्जा उचलली नाही, ती कमठ्यातच राहते. मुठीला बसणारा झटका, भुजांची थरथर, दोरीचा मोठा आवाज ही तिचीच रूपे. तीर न लावता नुसती दोरी खेचून सोडली तर सगळी ऊर्जा भुजांवर उलटते आणि चांगला कमठाही तडकतो. पोराटोरांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून सांगावी लागते.

म्हणूनच आधुनिक धनुष्यांचे कारखानदार तीराच्या वजनाची किमान मर्यादा सांगतात: ताणाच्या प्रत्येक पौंडामागे ५ ग्रेन. १८ किलोच्या, म्हणजे ४० पौंडांच्या ताणाला ती १३ ग्रॅम भरते. लाकडी आणि बांबूच्या सरळ धनुष्यांसाठी जाणकार पौंडामागे ८ ते १० ग्रेन धरतात, म्हणजे २१ ते २६ ग्रॅम. या पट्ट्यात कमठा टिकतो आणि तीरही पुरेसा वेग धरतो. दोरीचाही इथे संबंध आहे. दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा आभासी वस्तुमानात धरला जातो, तेव्हा बांबूची कामटी जितकी पातळ आणि चिवट तासली जाईल तितका तीराचा फायदा. कामटी फारशी ताणत नाही, हा तिचा मोठा गुण.

मग जड की हलका? उत्तर अंतरावर आहे. आपल्याच कमठ्यातून २० ग्रॅमचा आणि ३२ ग्रॅमचा असे दोन तीर आडवे सोडले आणि हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर १५ मीटरवर जड तीर हलक्यापेक्षा सुमारे १७ सेंटीमीटर खाली लागतो. वीतभरही नाही. ३० मीटरवर हा फरक ६६ सेंटीमीटर होतो. ऑलिम्पिकच्या ७० मीटरवर तो साडेतीन मीटरच्या वर जातो. दाट रानात बांबूच्या बेटांमधून, मोह-ऐनाच्या खोडांआडून सरळ दिसणारा पट्टा लांब नसतोच. तिथे जड तीराचा तोटा वीतभराचा आणि त्याची घुसण्याची ताकद मात्र हलक्याच्या सव्वापटीहून जास्त. लोखंडी पात्याचा वजनदार तीर या भूगोलातून आला आहे. त्याला मागास समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

ही पारध आता कायद्याने बंद आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातल्या प्राण्यावर तीर चालवणे हा गुन्हा आहे, आणि ताडोबाच्या वाघांच्या शेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांना त्याचे कारण वेगळे सांगायला नको. पण कमठ्याचे ज्ञान पारधीबरोबर पुसून जाण्याचे कारण नाही.

त्याला मैदानात जागा आहे. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात बांबूचे धनुष्य आणि लाकूड-बांबूचे तीर वापरतात, अंतरे ३० आणि ५० मीटरची. राजस्थानचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरूनच पुढे गेला आणि १९९२मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून त्याने त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला, तोही ५० मीटरवर. अंतिम फेरीत त्याने १५० पैकी १५० गुण घेतले. त्याचे धनुष्य चाकांचे, तीर कार्बनचे आणि वेग बांबूच्या तीराच्या दीडपटीहून अधिक. अंतर तेच, हत्यारे दोन टोकांची.

पन्नास मीटरवर बांबूच्या तिरंदाजाचा खरा शत्रू वेगळाच असतो. तीर जड असला तर नेम थोडा वर धरायचा, हात काही दिवसांत शिकतो. पण भात्यातला एक तीर २६ ग्रॅमचा आणि दुसरा २८ ग्रॅमचा असेल, तर हाताने शिकायचे कशावर? आपल्या हिशेबातल्या कमठ्यावर या २ ग्रॅमने ५० मीटरवर तीर सुमारे ३१ सेंटीमीटर खाली जातो. १२२ सेंटीमीटर व्यासाच्या लक्ष्यपटावर एकेक कडे ६.१ सेंटीमीटरचे असते, म्हणजे पाच कडी गेली. ती गेली तिरंदाजाची चूक नसताना. हलका तीर मिळवण्यासाठी काड्या तासत बसणाऱ्या मुलांनी तेवढा वेळ सारख्या वजनाच्या काड्या निवडण्यात घालवला, तर गुण नक्की वाढतील.

वजन एकट्याने बदलत नाही, हीसुद्धा अडचण आहे. दोरी तीराला मधोमध ढकलते, पण तीर कमठ्याच्या बाजूने जातो. त्यामुळे सुटताना तो मुठीला वळसा घालत लवतो आणि पुढे थरथरत सरळ होतो. किती लवायचे ते काडीच्या ताठरपणावर ठरते. त्याच काडीला ३ ग्रॅमने जड पाते बसवले की ती जास्त लवते आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा तीर उजवीकडे जाऊ लागतो. मग काडी थोडी आखूड करावी लागते किंवा जाड निवडावी लागते. तोल पाहण्याची रीत सोपी आहे. तयार तीर आडव्या बोटावर ठेवून स्थिर करायचा. पाऊण मीटर लांबीच्या तीराचा तोल मध्यापासून साडेसात ते अकरा सेंटीमीटर पुढे, पात्याच्या बाजूला आला, तर तो हवेत सरळ राहतो. तोल मध्याजवळ सरकला की शेपूट हलत जाणारा तीर मिळतो.

जड तीराची किंमत अंतरात किती मोजावी लागते, याचा एक सुंदर पुरावा इंग्लंडमध्ये आहे. ११ ऑक्टोबर १९८२ला, १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज समुद्रातून वर काढले गेले. त्यात लांब धनुष्ये शंभराहून अधिक आणि तीर हजारांनी मिळाले. त्या धनुष्यांच्या १५० पौंड ताणाच्या प्रतिकृतीतून ५३.६ ग्रॅमचा तीर ३२८ मीटर गेला आणि ९५.९ ग्रॅमचा सुमारे २५० मीटर. वजन पावणेदोन पटींहून अधिक झाले, अंतर मात्र फक्त चतुर्थांशाने घटले.

असे मोजमाप आपल्याकडच्या कमठ्यांचेही व्हायला हवे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि कमठा तासणारे हात गावोगाव आहेत. बांबूवरचा हक्कही आता गावाकडे येतो आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने तो २०११मध्ये वाहतूक परवान्यासह मिळवून दाखवला. काठी कोणत्या वयाची, ताण किती, दोरी किती ग्रॅमची, तीर किती तोळ्यांचा एवढ्या चार नोंदी प्रत्येक कारागिराशेजारी बसून, त्याच्या नावाने व्हाव्यात. बांबूचे तंतू सालीजवळ सर्वांत दाट असतात, म्हणून ताण झेलणारी बाजू कशी राखायची हे या माणसांना पुस्तकाशिवाय कळते. ते लिहून ठेवले नाही तर पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून कमठे मोडत शिकावे लागेल.

नोंदींत ऋतूही हवा. पावसाळ्यात काडी ओल पिते. तिच्यातली ओल १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेली, तर १५ ग्रॅमची काडी पाऊण ग्रॅमहून थोडी जास्तच जड होते आणि ५० मीटरवर दोन कडी खाली बसते. शिवाय ओलसर कमठाही मऊ पडतो. तेव्हा वजने जुळवण्याचे काम दिवाळीनंतर, काड्या पुरत्या वाळल्यावर घ्यावे, आणि काट्यावर तीनदा तोलावे: आधी नुसती काडी, मग पाते बसवल्यावर, शेवटी पिसे बांधून झाल्यावर.