ढोलकीच्या शाईचे गुपित

आमच्या अकलूजच्या लावणी स्पर्धेचे नाव तुम्ही ऐकले असेल. लावणी म्हटली की ढोलकी आलीच. तिच्या एका तोंडावर मधोमध काळी, वाटोळी शाई असते. ती शोभेसाठी असावी असे पुष्कळांना वाटते. पण शाई खरवडून टाकली, तर ढोलकीचा सूरच हरपतो. असे का व्हावे?

प्रथम ढोलकीच्या जोडीदाराकडे, तुणतुण्याकडे वळू. त्याची तार सेकंदाला 200 कंपने करीत असेल, तर त्याच वेळी तिच्यातून 400, 600, 800 कंपनांचे उपस्वरही निघतात. हे सारे 200 च्या पटीत असल्यामुळे कानाला एकच गोड सूर ऐकू येतो.

आता हलगी घ्या. तिच्या साध्या चामड्याचा मूळ स्वर 200 धरला, तर उपस्वर सुमारे 319, 427, 459 असे येतात. त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. म्हणून हलगी कडाडते, पण सुरात बोलत नाही.

शाई नेमकी इथे कामाला येते. मूळ स्वर निघताना चामड्याचा मध्यभाग सर्वांत जास्त हलतो. त्यामुळे मध्यावरच्या शाईचे वजन मूळ स्वराला फार खाली ओढते. पहिला उपस्वर निघताना मात्र मध्यबिंदू जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याला हे वजन कमी जाणवते. दोहोंतील 1.59 पटीचे अंतर वाढून दुप्पट होते. पुढचे उपस्वरही तिप्पट, चौपट असे जागेवर येतात आणि चामडे तारेसारखे गाऊ लागते!

हे गणित प्रथम उलगडले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. 1920 मध्ये त्यांनी व शिवकाली कुमार यांनी मृदंग-तबल्यावरील निरीक्षणे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे 1934 च्या निबंधात रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून त्याची कंपने कशी होतात, हे दाखविले.

परंतु ही युक्ती रामन यांच्याही कितीतरी आधीची. वाद्याच्या तोंडाला नदीकाठची काळी माती लावावी, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. भजनातल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाला आजही ओली कणीक लावतात. शाई तर लोहचूर्ण व खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून तयार होते. घोटताना तिला बारीक भेगा पडतात. त्या दोष नव्हेत. त्यांच्यामुळेच शाई कातड्याबरोबर लवते.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कारागिरांना समाजाने मानाचे पान क्वचितच दिले. त्यांच्यापाशी समीकरणे नव्हती. तयार कान होता, आणि चुकले तर पुन्हा करून पाहण्याची चिकाटी होती. प्रयोग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

गावात वाद्ये दुरुस्त करणारा कारागीर असेल, तर एकदा त्याच्यापाशी जाऊन बसा. शाईचा एकेक थर चढताना आवाज कसा बदलतो, ते कान देऊन ऐका. पुस्तकातला ध्वनीचा धडा तुम्हांला तिथे नव्याने कळेल.