आजीची डीव्हीडी आणि पुसता येणारा ‘धातू’

गेल्या दिवाळीत माळा आवरताना एक डीव्हीडी सापडली. वर आईच्या अक्षरात ‘आजी – पंच्याहत्तरी’ लिहिलेलं. आजी आता नाही. त्यामुळे मित्राकडून ड्राइव्ह मागून आणला, सगळे लॅपटॉपभोवती जमलो आणि सुरू झाला चक्क एक मारधाडीचा पिक्चर! दादाने कॉलेजात असताना कोरी समजून तीच डिस्क पुन्हा वापरली होती. पुढचे दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. डिस्क ‘पुसली जाते’ म्हणजे नेमकं होतं काय?

गॅदरिंग आणि परेड

आरडब्ल्यू डिस्कच्या आत अँटिमनी, टेल्युरियम अशा मूलद्रव्यांच्या मिश्रणाचा पातळ थर असतो. हा ‘फेज-चेंज’ पदार्थ. त्यातले अणू दोन प्रकारे राहतात. एक म्हणजे गॅदरिंगची गर्दी, कोण कुठेही उभा. दुसरा म्हणजे एनसीसीची परेड, सगळे रांगेत. लेझरने क्षणभर जोरदार तापवलं की थर वितळतो आणि लगेच इतक्या झटकन थंड होतो, की अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. झाली गर्दी! बेताने तापवलं की तेच अणू पुन्हा रांगेत येतात. रांग जास्त चमकते, गर्दी कमी. या चमकेतल्या फरकातूनच ड्राइव्ह शून्य आणि एक वाचतो. आजीचा व्हिडिओ असाच रांगेत उभा राहून गेला.

या पदार्थांमागचं मोठं नाव स्टॅनफोर्ड ओव्शिन्स्की. अमेरिकेतल्या अॅक्रनचा हा माणूस मशिनिस्ट होता, कॉलेजची पायरीही चढला नव्हता. १९६८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नामांकित नियतकालिकात त्याचा शोधनिबंध आला. एटीकेटीवाल्यांनो, ऐकताय ना?

खरी गंमत अतिनीलमध्ये

डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा ४०५. त्याच्याही खाली गेलं की अतिनील प्रकाश सुरू होतो आणि तिथे हा पदार्थ वेगळाच खेळ दाखवतो.

धातूच्या पृष्ठभागावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे खातात. त्याला प्लाझमॉन म्हणतात. त्यामुळे प्रकाश अगदी चिमुकल्या जागेत कोंडता येतो. यासाठी सोनं लाडकं. पण निळ्याच्या पुढे ते स्वतःच प्रकाश गिळायला लागतं. म्हणून तर ते पिवळं दिसतं! अतिनीलमध्ये अॅल्युमिनियम चालतं, पण एकदा बनवलं की ते तसंच राहतं.

जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियम, म्हणजे जीएसटी, इथे कामाला येतं. (हो, नाव तेच. टॅक्सशी संबंध नाही.) इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अतिनील ते दृश्य प्रकाशाच्या एका पट्ट्यात रांगेतलं जीएसटी धातूसारखं वागतं आणि गर्दीतलं काचेसारखं. म्हणजे हवा तेव्हा धातू, नको तेव्हा नाही. विशेष म्हणजे हा धातूपणा मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा नाही. अणूंमधल्या बंधांतले इलेक्ट्रॉन प्रकाश जोरात शोषतात, त्यातून तो येतो.

उपयोग? बायोवाल्यांना आठवत असेल, डीएनए २६० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतो, बरीच प्रथिनं २८० जवळ. तिथे प्रकाश हवा तसा कोंडता आला, तर सूक्ष्म सेन्सरना फायदा होऊ शकतो. अडचण एकच, पण मोठी: जीएसटी या पट्ट्यात बराच प्रकाश स्वतःच खातं. त्यामुळे बाजारात यायला वेळ आहे.

आजीचा व्हिडिओ काही परत मिळाला नाही. पण दादाने त्याच आठवड्यात घरातल्या उरलेल्या सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवल्या. एकीत आजी सापडली. चाळीस सेकंद, कुणाच्या तरी बारशात, फोटोला नको म्हणत हात हलवणारी. तुमच्याही माळ्यावर डिस्क असतील. टाकण्याआधी एकदा लावून बघा.